एका विद्यापीठाची चौकशी

साळवेकाकांच्या दाराची बेल वाजवली, की दार लगेच उघडत नसे. आधी आत मागच्या बाल्कनीचा दरवाजा कुरकुरायचा. काका बाल्कनीतून खाली वाकून बघायचे, की कोणती स्कूटर नवीन आलीये, कोणती गाडी कशी लावलीये, गेटवरचा गार्ड जागा आहे की पेंगतोय. मग दार उघडायचं, तेही साखळी लावून. मी एकदा विचारलं, "काका, दारातून दिसतंच की कोण आलंय!" तर म्हणाले, "दारात सगळेच हसतात. माणसाचा खरा चेहरा खाली गाडी लावताना असतो."

आम्ही दिल्लीत, द्वारकेतल्या त्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा मेट्रोचा पत्ता नव्हता. सेक्टरांना नुसते नंबर होते, रस्त्यांना खड्डे होते आणि नळांना पाणी नव्हतं. समोरच्या दारावर 'आर. एस. साळवे' अशी पाटी बघून आईला कोण आनंद झाला. मराठी शेजार! पेढ्यांचा डबा घेऊन ती मला पुढे घालून निघाली. साखळीच्या फटीतून एक चष्मा दिसला.

"नमस्कार, आम्ही पाटणकर. समोर राहायला आलोय. पेढे घ्या."

"कशाबद्दल?"

"अहो, नवीन घर घेतलं ना."

"घर तुम्ही घेतलं. पेढे मला कशाबद्दल?" चष्मा आणखी जवळ आला. "पाण्याच्या मोटरची किल्ली माझ्याकडे असते, हे गार्डनं सांगितलं ना तुम्हाला?"

आईचा चेहरा लालबुंद झाला, कारण गार्डनं ते खरंच सांगितलं होतं. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "अहो, लोकांना दारात काय उलटतपासणी करता! या हो वहिनी, आत या." मग साखळी निघाली. काकांनी पेढा घेतला, मोडून आत काय आहे ते बघितलं आणि मगच तोंडात टाकला.

ते मूळचे नगरचे, ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकून दिल्लीला नोकरीला आले आणि केंद्र सरकारच्या दक्षता शाखेत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. म्हणजे छत्तीस वर्षं त्यांनी इतर खात्यांनी केलेल्या लबाड्या शोधल्या. निवृत्तीनंतर खाती संपली, म्हणून त्यांनी सोसायटी धरली. टँकरवाला, बिल्डर, मीटर बघायला येणारा, दूधवाला, कुणाची सुटका नाही. रविवारी चर्चला जात, पण तिथेही, "देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. पाद्रीसाहेबांची चौकशी चालू आहे," असं गंभीर चेहऱ्यानं सांगत. काकू कपाळावर हात मारून घेत.

अशा माणसांच्या मागे काहीतरी जुनी फसवणूक असते, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. एकदा मी काकूंना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "छे ग! कुणी नाही फसवलं. लग्नाच्या आधीही असेच होते. मला बघायला आले तेव्हा विचारलं, चहा तुम्हीच केलाय हे कशावरून?"

माझे बाबा अगदी उलटे. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आयुष्यभर त्यांनी फाइल वर पाठवली होती. निर्णय घ्यायचा असतो वरच्यानं, अशी त्यांची पक्की समजूत. दिल्लीत नातेवाईक नाहीत, वडीलधारं कुणी नाही. तेव्हा हळूहळू घरातल्या सगळ्या फाइली समोरच्या दारात जायला लागल्या. फ्रिज कुठला घ्यायचा? "साळवेसाहेबांना विचारून बघू." भावाला कुठल्या शाळेत घालायचं? "साळवेसाहेब काय म्हणतात बघू या." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि मग माझी फाइल आली.

मी इतिहासात बी. ए. केलं होतं, हाच मुळात एक गुन्हा होता. आमच्या सोसायटीत तेव्हा प्रत्येक मजल्यावर एक कंप्युटर शिकणारं पोरगं होतं. गुडगावला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथं जायचं सोडून मला जुन्या वस्तू सांभाळायला शिकायचं होतं. म्युझियममधल्या वस्तू, त्यांचा इतिहास, त्यांची निगा, यांचं पदव्युत्तर शिक्षण इंग्लंडमध्ये होतं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "अच्छा... फिर? उसके बाद क्या?"

माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक दक्षिण दिल्लीतल्या एका एजंटनं सुचवलेला. त्या संस्थेच्या नावात इंटरनॅशनल, रॉयल आणि हेरिटेज हे तिन्ही शब्द होते. माहितीपत्रक इतकं गुळगुळीत, की हातातून सटकायचं. एजंट बाबांना म्हणाला, "अंकल जी, आयटी तो बुलबुला है. हेरिटेज में स्कोप ही स्कोप है. बेटी पॅलेस संभालेगी, पॅलेस!" बाबा हरखून गेले. दुसरं होतं उत्तर इंग्लंडमधलं एक विद्यापीठ. मी सायबर कॅफेत बसून शोधलेलं, माझं मीच अर्ज केलेलं. त्यांचं पत्र एका पानाचं, टाइप केलेलं. फी बरीचशी माफ, जूनअखेरपर्यंत होकार कळवा, खाली पालकांची सही हवी. मला तेच हवं होतं. त्यातली विषयांची यादी मी इतक्यांदा वाचली होती, की पाठ झाली होती.

बाबांनी दोन्ही उचलली आणि समोर नेऊन दिली. "साहेब, तुम्ही बघा. तुम्ही हो म्हटलंत की मी सही करतो."

काकांनी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन्ही ठेवली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"वस्तू आपल्या?"

"हो काका. म्हणजे, बऱ्याचशा."

"आणि त्या सांभाळायला शिकायचं त्यांच्याकडे?"

"त्यांच्याकडे चांगली सोय आहे, लॅब आहेत..."

"ज्याच्याकडे दुसऱ्याचं सामान असतं, त्याच्याकडे सांभाळायची सोय असतेच," काका म्हणाले. "काहीतरी घोळ आहे यात. सोडून जा कागद."

मला खात्री होती, की हा माणूस माझं वाटोळं करणार. त्यांचा मुलगा बंगलोरला इंजिनीअर, म्हणून यांना इतिहास बघवत नाही, असा माझा तर्क. एखाद्या रात्री तर मला असंही वाटून गेलं, की यांचं त्या एजंटशी काही साटंलोटं नसेल कशावरून? संशयी माणसाच्या शेजारी राहिलं की असं होतं. संशय देवीच्या साथीसारखा पसरतो.

काकांची चौकशीची एक पद्धत होती. ज्याच्यावर संशय, त्याला कधीच काही विचारायचं नाही. "त्याला विचारलंस की तो सावध होतो. त्याच्या पोस्टमनला विचार. पोस्टमनला खोटं बोलून काय मिळणार? आणि कुणाच्या दारात काय चालतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं." सरकारी नोकरीत त्यांनी असेच बनावट कंत्राटदार पकडले होते म्हणे. तर त्यांनी काय करावं? दोन्ही गावांच्या पोस्टमास्तरांना, इंग्लंडला, स्वच्छ अक्षरात एकेक पत्र पाठवलं. महोदय, आपल्या हद्दीत अमुक पत्त्यावर विद्यापीठ आहे काय? असल्यास तिथे टपाल कोण स्वीकारतं? विद्यार्थी जाता-येताना दिसतात काय?

मी हसून हसून बेजार. आईसुद्धा म्हणाली, "त्या गोऱ्या पोस्टमास्तराला काय दुसरे उद्योग नाहीत?"

पण तीन आठवड्यांनी उत्तर आलं हो! त्या रॉयल संस्थेच्या गावचा पोस्टमास्तर भला माणूस निघाला. त्यानं कळवलं होतं, की सदर पत्त्यावर पडद्यांचं दुकान आहे. वर एक खोली आहे, तिथे परदेशातून पुष्कळ पत्रं येतात आणि ती घ्यायला आठवड्यातून एकदा एक गृहस्थ मोटारीतून येतात. विद्यार्थी त्याला आजवर दिसलेला नाही. शिवाय, सध्या आमच्याकडे पाऊस फार आहे, असंही त्यानं लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र वाचलं आणि ते गुळगुळीत माहितीपत्रक रद्दीत टाकलं. एजंटचं ऑफिस नंतर कधी हलवलं गेलं, ते त्या मार्केटमध्ये कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्या गावचं उत्तर चार दिवसांनी आलं. विद्यापीठ आहे, जुनं आहे, टपाल रोज सकाळी पोतं भरून जातं आणि विद्यार्थी इतके आहेत, की शनिवारी बाजारात चालणं मुश्किल होतं. मी टाळी वाजवली. "चला! आता झालं ना काका? करू दे ना बाबांना सही?"

"विद्यापीठ आहे हे कळलं," काका म्हणाले. "खरं आहे का, ते कुठं कळलं?"

"म्हणजे?"

"आमच्या वेळी एक खातं होतं. इमारत होती, शिपाई होते, साहेब होता, सगळं होतं. काम तेवढं नव्हतं."

जून अर्धा संपला. मी रोज संध्याकाळी समोर जायची आणि रोज काका म्हणायचे, "थांब." काय चाललंय ते सांगायचे नाहीत. शेवटी एक दिवस काकूंनीच भांडं फोडलं. काकांनी परस्पर त्या विद्यापीठालाच, विभागप्रमुखांच्या नावानं, रजिस्टर पोस्टानं नऊ प्रश्न पाठवले होते. त्यांचा स्वतःचा नियम मोडून! काकूंनी मला कार्बन कॉपी दाखवली. पहिले आठ प्रश्न सरळ होते. शिकवणारे किती, मागचे विद्यार्थी आता काय करतात, परीक्षा कोण घेतं, असे. नववा मात्र असा होता:

'आपल्या संग्रहात आमच्या देशातल्या ज्या वस्तू आहेत, त्या आपल्याकडे कशा आल्या? त्या रीतसर मिळाल्याचे कागद आपल्याकडे आहेत काय? असल्यास प्रती पाठवाव्यात.'

मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. "काका, हे काय लिहिलंत तुम्ही? त्यांना चोर म्हणालात! माझी ॲडमिशन जाईल!"

"प्रश्न विचारल्यामुळे जाणारी ॲडमिशन घेऊच नये."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! तुम्हाला कुणाचं भलं झालेलं बघवतच नाही. सगळं जग चोर, तुम्ही तेवढे साव!"

मी असं कधी कुणाशी बोलले नव्हते. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा बघितले. ते अगदी साधे, थकलेले डोळे होते. मी घरी येऊन खूप रडले. निम्मं ॲडमिशनसाठी आणि निम्मं, खरं सांगायचं तर, त्या बोलण्यासाठी.

पुढचे दिवस मी समोर गेले नाही. होकार कळवायला चार दिवस उरले. आईनं बाबांना विनवलं, "तुमची मुलगी आहे. करा ना सही!" बाबा पेन हातात घेऊन बसायचे आणि परत खिशाला लावायचे. "साहेबांनी काही कळल्याशिवाय अडवलं नसेल ग. त्या वेळी बघितलंस ना? पडद्यांचं दुकान निघालं!"

तीन दिवस उरले असताना दुपारी आमची बेल वाजली. दारात काका. स्वतःहून ते कुणाच्या दारात जात नसत. "सगळे जरा समोर या," म्हणाले.

आम्ही त्यांच्या टेबलाभोवती बसलो. एक जाड लिफाफा होता, कडेनं नीट कापलेला. विभागप्रमुख बाईंचं पत्र होतं, पाच पानी. काका एकेक प्रश्न वाचत आणि उत्तर मराठीत सांगत. आठही प्रश्नांची तपशीलवार उत्तरं होती. मग ते थांबले, घोटभर पाणी प्यायले.

"नववा. बाई म्हणतात, की तुमचा प्रश्न वाचून आम्ही आमची दप्तरं काढून बघितली. भारतातून आलेल्या बहुतेक वस्तूंचे कागद आमच्याकडे नाहीत. त्या इथे कशा आल्या, ते आम्हाला माहीत नाही. कुणीतरी हे शोधायला हवं होतं. तुमची उमेदवार आली आणि तिनं शोधलं, तर आम्हाला ते हवंच आहे."

काकांनी ते वाक्य इंग्रजीत पुन्हा एकदा, बोट ठेवून, मनातल्या मनात वाचलं.

"पाटणकर, छत्तीस वर्षं मी खात्यांना प्रश्न विचारले. फाइल हरवली, असं आलं. फाइल पुरात भिजली, वाळवीनं खाल्ली, संबंधित कारकुनाची बदली झाली, सगळं आलं. 'आम्हाला माहीत नाही' असं एकाही साहेबानं कधी सहीनिशी लिहून दिलं नाही." त्यांनी होकाराचा कागद बाबांपुढे सरकवला. "करा सही."

"म्हणजे विद्यापीठ खरं आहे ना, साहेब?" बाबांनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय. पण खोटं असल्याचा पुरावा नाही. जाऊ दे पोरीला."

बाबांनी सही केली; कागद त्याच संध्याकाळी फॅक्सनं जाणार होता. मी वाकून काकांना नमस्कार केला आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. माफ करा." तर म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस. तोंडावर बोलणाऱ्याची चौकशी करावी लागत नाही." आणि काकूंना हाक मारली, "अगं, करंज्या आहेत का काही? दे पोरीला." जूनमध्ये करंज्या कुठल्या! काकूंनी बिस्किटं दिली.

इंग्लंडला गेले तर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख बाई मला म्हणाल्या, "ते नऊ प्रश्नवाले गृहस्थ तुझे कोण?" मी म्हटलं, शेजारी. त्यांना ते पटलं नसावं. मग त्यांनी मला तळघरातल्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या आणि नववा प्रश्न माझा प्रबंध झाला. वर्षभर मी भारतातून आलेली भांडी, दिवे, पेट्या उघडत होते. कागद नाही, कागद नाही, कागद नाही. आणि एक दिवस एका पितळी लामणदिव्याबरोबर पावती सापडली! मुंबईच्या दुकानाची, छापील, स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांची तारीख, खाली सही. मी धावत जाऊन फोनबूथवरून काकांना फोन लावला.

"काका, एकाची सापडली! अगदी रीतसर पावती!"

काकांनी विचारलं, "बाकी कशाचीच नाही, आणि नेमकी हिचीच कशी सापडली?"

"अहो काका, आता तरी..."

"कागद कुणी जपून ठेवला, ते बघू नकोस. कशाला ठेवला, ते बघ. आता ठेव फोन, तुझे पैसे जातायत."

मी चिडून फोन ठेवला आणि काही दिवसांनी परत ती पावती काढली. तोवर तिथल्या सगळ्या तज्ज्ञांनी ती बघितली होती. कागद, शाई, सगळं तपासलं होतं. पण दुकानाच्या पत्त्याखाली जो सहा आकडी नंबर होता, तो त्यांना फोन नंबर वाटला होता. तो पिन कोड होता. आणि पावतीवर जी तारीख होती, त्या काळी आपल्याकडे पिन कोड नावाची गोष्टच सुरू झालेली नव्हती. पावती पुष्कळ वर्षांनी, कुणीतरी बसून, छापून घेतली होती.

तो दिवा विद्यापीठाला देणारं घराणं मोठं होतं. त्यांच्या नावाचं दालन होतं. मला रात्रभर झोप नाही. सकाळी भीतभीत बाईंना दाखवलं. त्यांनी तो पिन कोड भिंग लावून बघितला आणि म्हणाल्या, "लिही. जसंच्या तसं लिही." माझा प्रबंध विद्यापीठानं स्वतः छापला. दिव्याखालची जुनी चिठ्ठी काढून नवी लावली, की हा दिवा इथे कसा आला ते माहीत नाही, सोबतची पावती बनावट आहे.

मी हे सगळं काकांना सविस्तर लिहिलं. छापलेल्या पानाची प्रतही जोडली, कारण नुसत्या माझ्या शब्दावर ते थोडेच विश्वास ठेवणार होते! त्या वेळी ते हॉस्पिटलमध्ये आहेत, हे मला कुणी कळवलं नव्हतं. माझी परीक्षा होती, म्हणून.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. काका गेले होते. मी हुंदके देत विचारलं, "काकू, माझं पत्र मिळालं का हो त्यांना?"

"मिळालं ग. मीच वाचून दाखवलं, दोनदा. ते छापील पान मात्र स्वतः हातात घेतलं, चष्मा मागितला. मग मला विचारलं, 'हे विद्यापीठानं छापलं? स्वतःच्याच विरुद्ध?' म्हटलं, हो, खाली नाव आहे बघा त्यांचं. त्यांनी नाव बघितलं. मग डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, डोळा लागला. तर म्हणाले, 'पाटणकरांना सांग, विद्यापीठ खरं आहे.'"